चाकामागचा दगड

मेअखेरीला वाळवा तालुक्यातल्या एका उसाच्या बांधावर उभा होतो. फवारणीचा ड्रोन आला होता. सहा पंखे, पोटाला दहा लिटरची टाकी. चालवणारा मुलगा बावीस-तेवीसचा, पण गावात सगळे त्याला पायलटसाहेब म्हणत. "काका, चष्मा धरा," असं म्हणून त्याने रिमोटची दांडी सरकवली आणि पुढचं अर्धं मिनिट मला काही दिसलं नाही. पाचट उडालं, धुरळा उडाला, दातांत माती करकरली. डोळे उघडले तेव्हा ते यंत्र उसावरून सरळ रेघेत चाललं होतं आणि वरून कुणी पाटा ठेवावा तसे खालचे शेंडे दबत होते. टाकी भरून त्याचं वजन पंचवीसेक किलो, म्हणजे तिसरी-चौथीतल्या पोराएवढं. तेवढं अधांतरी ठेवायला एवढा वारा लागतो! सात-आठ मिनिटांत एकर उरकला, ड्रोन परतला, मुलाने बॅटरी काढली. मी हात लावला तर चटका बसला. बांधापलीकडे टेम्पोत जनरेटर धडधडत होता आणि बॅटऱ्यांच्या आणखी चार जोड्या चार्जिंगला लावलेल्या होत्या.

त्याच आठवड्यात उडत्या मोटारींवरच्या या पुस्तकाचं हस्तलिखित माझ्याकडे आलं होतं. लेखिका विमानविद्या शिकलेली आणि तरुण. मी रस्त्यावरच्या गाड्यांबद्दल लिहिता लिहिता म्हातारा झालेला. एका जुन्या लेखात मी उडत्या मोटारीला 'दर दहा वर्षांनी पुढच्या दहा वर्षांत येणारी गाडी' म्हटलं होतं, ते तिने वाचलं होतं. फोनवर म्हणाली, "सर, तुम्ही थट्टा करता ना, म्हणून प्रस्तावना तुम्हीच लिहायची. पण आधी सगळं वाचायचं." वाचलं. दोनदा वाचलं. थट्टा थोडी कमी झाली. शंका होती तिथेच आहे. प्रस्तावनाकाराने लेखकाची पाठ थोपटावी असा आपल्याकडे रिवाज आहे. मी ती थोपटणार आहे, पण मधूनमधून.

आधी नावाचा घोळ. 'उडती मोटार' या एकाच नावाखाली वर्तमानपत्रं दोन अगदी वेगळ्या वस्तू खपवतात. एक, रस्त्यावर धावणारी आणि धावपट्टी मिळाली की पंख पसरून उडणारी. दुसरी, रस्त्यावर कधीच न येणारी, जागच्या जागी उभी वर चढणारी आणि तशीच उतरणारी, विजेवरची हवाई टॅक्सी. पहिलीला चाकं आणि पंख दोन्ही आहेत. दुसरीला मोटार म्हणायचं ते केवळ कौतुकाने. लेखिकेने दोघींना पहिल्या पानापासून वेगळं ठेवलं आहे, आणि पुष्पक विमानापासून सुरुवात केलेली नाही, याबद्दल तिचे आभार. चौपाटीवर विमान उडवल्याचं सांगितलं जातं त्या तळपद्यांनाही तिने एका परिच्छेदात मोकळं केलं आहे. ज्यांना प्राचीन विमानांचा वाद हवा त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये वैमानिकशास्त्र या ग्रंथाची केलेली चिकित्सा वाचावी. त्यात वर्णन केलेली विमानं उडणं शक्य नाही, असं त्यांनी गणिताने दाखवलं आहे.

वाचकाला वाटतं, उडती मोटार ही उद्याची गोष्ट. तो समज दुसऱ्या प्रकरणात निघून जातो. उडती मोटार होऊन गेलेली आहे. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ग्लेन कर्टिसने आपली ऑटोप्लेन मांडली; तिने नुसत्या उड्या मारल्या. १९३७ मध्ये वॉल्डो वॉटरमनची गाडी उडाली. आणि १९४९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या लाँगव्ह्यू गावी मोल्टन टेलर नावाच्या माणसाने जी एरोकार बनवली ती खरोखर चालली. पंख काढून मिटायचे, शेपटासकट मागे ट्रेलरसारखे जोडायचे आणि ओढत घरी न्यायचे. ती उडालीच, शिवाय १९५६ मध्ये अमेरिकन सरकारने तिला रीतसर प्रमाणपत्रही दिलं. कारखान्यात उत्पादन सुरू करायला पाचशे मागण्या हव्या होत्या, आल्या निम्म्याच. सगळ्या मिळून सहा गाड्या झाल्या. म्हणजे आज आपण ज्या वस्तूची वाट पाहतो आहोत ती आपल्या आजोबांच्या काळात सरकारी शिक्क्यासह विकायला ठेवलेली होती, आणि गिऱ्हाइकाने नाक मुरडलं.

का मुरडलं, याचं पुस्तकी उत्तर असं की ती मोटार म्हणून नाजूक आणि विमान म्हणून जड होती. खरंच आहे. पण मला सिग्नलवरचं उत्तर जास्त पटतं. पुण्यात कुठल्याही चौकात उभे राहा. दोन मिनिटांत कुणीतरी हँडल घासून जातो. आपण मागे वळून चार शब्द बोलतो, तो हात वर करतो, संपलं. डेंटिंग-पेंटिंगवाला महिन्याभराने बघू म्हणतो आणि गाडी तोवर पोचा घेऊन फिरते. हाच ओरखडा विमानाच्या पंखाच्या बिजागरीला पडला तर? जाणकाराने तपासून सही केल्याशिवाय ते जमीन सोडू शकत नाही, आणि सोडूही नये. रोज रस्त्यात झिजायचं आणि रोज निर्दोष असायचं, हे एकाच पत्र्याकडून मागणं जरा जास्तच आहे.

उडत्या मोटारींचे दोन जुने अपघात लेखिकेने सविस्तर दिले आहेत. १९४७ मध्ये सॅन डिएगोत कॉन्व्हेअर कंपनीची उडती मोटार इंधन संपून पडली. म्हणतात की वैमानिकाने काटा पाहिला होता, पण तो मोटारीच्या टाकीचा. विमानाची टाकी वेगळी होती. तो थोडक्यात वाचला. १९७३ मधल्या मिझारचं नशीब तेवढं नव्हतं. फोर्ड पिंटो या लहान मोटारीला सेस्ना विमानाचे पंख आणि शेपूट जोडलेली ती गाडी कॅलिफोर्नियात कोसळली, आणि बनवणारे हेन्री स्मोलिन्स्की आणि हॅरॉल्ड ब्लेक दोघेही गेले. उजव्या पंखाचा आधार तुटला होता.

स्लोव्हाकियाच्या स्टेफान क्लाइनची एअरकार ही या घराण्यातली सगळ्यात देखणी मुलगी. २८ जून २०२१ रोजी ती नित्राहून ब्रातिस्लाव्हाला ३५ मिनिटांत उडत आली, उतरल्यावर अडीच मिनिटांच्या आत पंख मिटून घेतले आणि विमानतळाच्या फाटकातून शहरात निघून गेली. इंजिन बीएमडब्ल्यूचं. जानेवारी २०२२ मध्ये तिला तिथल्या सरकारचं प्रमाणपत्रही मिळालं. चित्रफीत पाहिली तेव्हा मी, खोटं कशाला बोलू, टाळी वाजवली. मग लक्षात आलं की निघताना विमानतळ लागला आणि पोचतानाही विमानतळच लागला.

इथे मला माझ्या मामांबद्दल सांगायला हवं. ते कराडहून चिपळूणला ट्रक न्यायचे. जाताना गूळ-साखर, येताना जांभ्याचे चिरे. आठवीच्या मे महिन्यात मी हौसेने त्यांच्याबरोबर क्लीनर म्हणून गेलो होतो. त्यांच्या भाषेत किन्नर. किन्नराला कामं तीन: काच पुसायची, मागून येणाऱ्याला हात दाखवायचा, आणि दगड. चिऱ्यांनी भरलेली गाडी कुंभार्ली घाट चढताना कुठल्यातरी वळणावर दम टाकायची. रेडिएटर उकळायला लागायचा. मामा ओरडायचे, "दगड!" की मी उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावायचो. मग मामा बिडी पेटवायचे, मी झऱ्यावरून डबा भरून आणायचो, आणि अर्ध्या तासाने गाडी निघायची. निघताना दगड उचलून परत गाडीत टाकायला विसरलो की आईवरून शिवी, ती आई त्यांचीच सख्खी बहीण असूनसुद्धा. कारण रस्त्यात राहिलेला दगड मागच्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेतो.

पुढे तीसेक वर्षं मी गाड्यांची इंजिनं, मायलेज आणि किमती यांवर लिहीत राहिलो, पण गाडी म्हणजे काय हे त्या घाटात कळलं होतं. गाडी थांबते, म्हणून ती रोजची झाली. टायर बसला, थांबा. धुकं उतरलं, थांबा. पोराला ओकारी आली, नवरा-बायकोचं बिनसलं, डोळ्यावर झापड आली, कणसं भाजत बसलेली बाई दिसली, थांबा. रस्त्याच्या कडेची सगळी दुनिया, पंक्चरवाल्यापासून ढाब्यापर्यंत, थांबणाऱ्यांसाठी वसलेली आहे. गाडीत जे काही बिघडतं त्यातल्या शंभरांतल्या नव्वद बिघाडांवर पहिला इलाज एकच, कडेला घेणं.

हवेत कड नाही. पंखांचं विमान वेग सोडला की पडतं. हेलिकॉप्टर किंवा तो उसावरचा ड्रोन जागेवर थांबू शकतो, पण ते थांबणं हेच त्याचं सगळ्यात महागडं काम. पुढे जाताना जेवढी शक्ती लागते तिच्यापेक्षा जास्त शक्ती नुसतं लटकत राहायला लागते. रस्त्यावर ट्रॅफिक जॅम म्हणजे कंटाळा. हवेत जॅम झाला तर प्रत्येक मिनिटाला बॅटरी उतरत असते, आणि रांगेतल्या शेवटच्याला घाम फुटलेला असतो.

विमानवाल्यांनी आपापले दगड शोधले नाहीत असं नाही. लहान विमानाचं इंजिन गेलं तरी ते घसरत घसरत एखाद्या शेतापर्यंत येऊ शकतं. हेलिकॉप्टरचा दगड फार सुंदर आहे: इंजिन बंद पडलं की खालून येणाऱ्या हवेने वरचा मोठा पंखा भोवऱ्यासारखा फिरत राहतो आणि त्या घुमण्यात साठलेल्या जोरावर शेवटच्या क्षणी हलकेच टेकता येतं. सिरस कंपनीच्या विमानांत तर अख्ख्या विमानालाच पॅराशूट असतं. पण त्याला उघडायला काही शे फूट उंची लागते, आणि हवाई टॅक्सीच्या चढण्या-उतरण्याचा सगळा नाजूक वेळ त्या उंचीच्या खालीच जातो. हवाई टॅक्सीचे छोटे, हलके पंखे हेलिकॉप्टरसारखे घुमत राहून उतरवूही शकत नाहीत.

हे मी कच्च्या मसुद्यावर पेन्सिलने लिहून परत पाठवलं. उत्तर समासात आलं: "सर, सोळा पंखे हाच दगड." चीनच्या ईहँग कंपनीच्या दोन माणसांच्या यंत्राला सोळा पंखे आहेत. एक मोटर जळाली तर पंधरा उरतात. दुसरीही गेली तरी भागतं. हेलिकॉप्टरचा जीव एका पंख्यात आणि एका गिअरबॉक्समध्ये अडकलेला असतो, इथे तो वाटून ठेवला आहे. युक्तिवाद पक्का आहे आणि चौथ्या प्रकरणात तिने तो फार चांगला मांडला आहे. युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये घातलेली अटही तिथे वाचायला मिळेल: शहरावरून प्रवासी नेणाऱ्या अशा यंत्रात जीवघेणा बिघाड एक अब्ज तासांत एकापेक्षा जास्त वेळा संभवता कामा नये. अब्ज तास म्हणजे एक लाख चौदा हजार वर्षं. माझं म्हणणं एवढंच की सोळा पंखे सोळा वेगळ्या कारणांनी बंद पडत असतील तर ठीक. त्यांना वीज पुरवणाऱ्या बॅटऱ्या एकाच जातीच्या असतात, त्यांना हुकूम देणारी संगणकाची आज्ञावली एकाच ठिकाणी लिहिलेली असते, आणि घारींचा थवा मोटरी मोजून येत नाही. तिचं म्हणणं की मी १९७७ च्या भुताला घाबरतो आहे.

त्या भुताबद्दल सांगतो, कारण पुस्तकात त्याला दीडच पान मिळालं आहे आणि मला ते कमी वाटतं. न्यूयॉर्कमध्ये पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवरून, एकोणसाठ मजले वरून, केनेडी विमानतळावर हेलिकॉप्टर जायचं. गाडीने तासभर लागणारा रस्ता दहा मिनिटांत. १९६५ ला सुरू झालं, १९६८ ला थांबलं, फेब्रुवारी १९७७ मध्ये पुन्हा सुरू झालं. हवाई टॅक्सीच्या आजच्या माहितीपत्रकांत जे जे रंगवलेलं असतं ते सगळं तिथे होतं: उंच इमारत, घाईत असलेला माणूस, खाली तुंबलेला रस्ता. १६ मे १९७७ रोजी एक सिकॉर्स्की हेलिकॉप्टर गच्चीवर उतरून उभं होतं. पंखा फिरता होता, माणसं चढायच्या तयारीत होती. एवढ्यात त्याच्या उजव्या पायाचा जोड धातू थकून तुटला आणि ते कलंडलं. फिरत्या पात्यांनी गच्चीवरचे चार जण गेले. पात्याचा एक तुकडा कठड्यावरून खाली पडला आणि मॅडिसन ॲव्हेन्यूवरून चाललेली एक बाई गेली. तिचा या प्रवासाशी काही संबंध नव्हता.

इंजिन ठीक होतं, पंखा ठीक होता, वैमानिकाची चूक नव्हती. उडणं केव्हाच उरकलं होतं, यंत्र उभं होतं, आणि उभं राहतानाच मोडलं. गच्चीवरची सेवा त्या दिवशी बंद झाली ती कायमची, आणि दोन वर्षांत कंपनीही दिवाळ्यात निघाली. वाहतूक इतर कारणांनीही तोट्यात होती, हे लेखिकेने दाखवून दिलं आहे आणि ते मान्य. पण मॅडिसन ॲव्हेन्यूवरच्या त्या बाईचा प्रश्न राहतोच. आपल्या डोक्यावरून कोण जातंय, हे ठरवताना तिला कुणी विचारलं होतं?

ऊर्जेचं प्रकरण वाचकांनी कंटाळा न करता वाचावं. त्यातली मेख एवढी: किलोभर पेट्रोलमध्ये साधारण बारा युनिट ऊर्जा असते, तर किलोभर लिथियम सेलमध्ये पाव युनिटच्या आसपास. विजेची मोटर पेट्रोल इंजिनपेक्षा तिप्पट काटकसरी आहे हे धरूनही तफावत फार मोठी राहते. शिवाय पेट्रोल जळतं तसं विमान हलकं होत जातं. बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड. ईहँगचं यंत्र तीसेक किलोमीटर, पंचवीसेक मिनिटं जातं. आता अमेरिकेतला नियम बघा: दिवसा नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या साध्या विमानाने मुक्कामापलीकडे तीस मिनिटांचं इंधन शिल्लक ठेवायचं, हेलिकॉप्टरने वीस मिनिटांचं. पंचवीसातून वीस गेले की प्रवासाला उरली पाच मिनिटं. अर्थात नव्या यंत्रांसाठी नवे नियम बसवले जात आहेत. पण जुना नियम कुणाच्या तरी मरणातूनच आलेला असतो, हे विमानविद्येत शिकवावं लागत नाही.

आणि हे सगळे आकडे थंड हवेचे. गणितातली हवा पंधरा अंशांची असते. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हवा त्याहून जवळपास दहावा हिस्सा विरळ होते. विरळ हवेत पंख्याला धरायला कमी मिळतं. तेवढंच वजन उचलायला जास्त वीज जाते आणि बॅटरीही तापलेली असते. मुंबईचा प्रश्न उलट्या टोकाचा. जुलैत ढग इमारतींच्या गच्च्यांना टेकलेले असतात. वर्षातले तीन-चार महिने जी गाडी 'आज हवा बघून सांगतो' म्हणणार, तिच्या भरवशावर कुणी नोकरी करेल का? लोकलसुद्धा तुंबते, मान्य. पण ती तुंबली की माणूस रुळांवर उतरून चालू लागतो.

हवेतून रोज कामावर जाणारी माणसं महाराष्ट्रात आहेत, ही गोष्ट मात्र आपण विसरतो. १९२८ पासूनचा जुहू विमानतळ म्हटलं की आपल्याला १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन तिथे उतरलेले जेआरडी टाटा आठवतात. तिथूनच आज बॉम्बे हायच्या तेलफलाटांवर जाणारी हेलिकॉप्टरं उठतात. माझा एक मित्र या फेऱ्यांत आयुष्य काढून निवृत्त झाला. त्याला विचारलं, कसं वाटायचं? म्हणाला, "वाटायचं काय? बॅगेसकट काट्यावर उभं राहायचं. तुझं वजन एवढं, तू इथे बस. जीवरक्षक जाकीट घालायचं. आणि त्याआधी एकदा पाण्याच्या टाकीत बुडवतात." बुडवतात म्हणजे हेलिकॉप्टरचा सांगाडा माणसांसकट पाण्यात उलटा करतात आणि खिडकीतून बाहेर पडायला शिकवतात. हे त्याचं रोजचं हवाई येणं-जाणं. हवाई टॅक्सीवाल्यांना बुडवण्याची गरज पडणार नाही, पण काटा राहणारच. चार आसनांच्या यंत्रात दहा किलोंचा फरकही हिशेबात धरावा लागतो. रिक्षावाला तीन सीट म्हणतो तेव्हा कुणाचं वजन विचारत नाही. आपल्याकडच्या लग्नसराईत हवाई टॅक्सीचा काउंटर सांभाळणाऱ्या मुलीची मला आत्ताच कीव येते.

दारापासून दारापर्यंतचा हिशेब लेखिकेने प्रामाणिकपणे मांडला आहे, म्हणून मी त्यात जास्त शिरत नाही. मुंबई-पुणे विमानसेवा सुरू झाल्या तशा बंदही पडल्या. २०१९ मध्ये हेलिकॉप्टरने शिर्डीपर्यंत एकेक आसन विकायची सोयही झाली. तरी गर्दी शिवनेरीला आणि डेक्कन क्वीनलाच. घरापासून तळापर्यंत रिक्षा, तळावर तपासणी, उतरल्यावर पुन्हा रिक्षा. मधली हवेतली मिनिटं स्वस्त झाली तरी दोन्ही टोकं तशीच राहतात.

आवाजाबद्दल मात्र मला माघार घ्यावी लागली. जॉबी या अमेरिकन कंपनीचं यंत्र पाचशे मीटर उंचीवरून गेलं तेव्हा नासाने जमिनीवर आवाज मोजला; तो ४५ डेसिबलच्या आसपास भरला. म्हणजे हेलिकॉप्टरच्या मानाने कुजबुज. एक गेलं तर ऐकूही येणार नाही. तासाला शंभर गेली तर काय, ते कुठल्याच शहराने अजून ऐकलेलं नाही.

कंपन्यांच्या भरभराटीचं आणि पडझडीचं प्रकरण वेगाने वाचून काढावं, कारण ते सगळ्यात लवकर शिळं होईल. उबरने २०१६ मध्ये हवाई टॅक्सीचा गाजावाजा केला आणि २०२० मध्ये तो विभाग जॉबीला देऊन टाकला. गूगलच्या लॅरी पेजने पैसे घातलेली किटी हॉक २०२२ मध्ये बंद झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये माणसं उडवण्याचं ठरवलेल्या जर्मनीच्या व्होलोकॉप्टर कंपनीला ते जमलं नाही, आणि वर्ष संपायच्या आत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. लिलियम या कंपनीचंही त्याच सुमारास तेच झालं. दुसऱ्या बाजूला चीनने ऑक्टोबर २०२३ मध्ये ईहँगच्या वैमानिकाविना उडणाऱ्या यंत्राला प्रमाणपत्र दिलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने अशा यंत्रांसाठी स्वतंत्र नियम केले. हेलिकॉप्टरनंतर म्हणजे ऐंशीएक वर्षांत पहिल्यांदाच तिथे विमानांची नवी जात मानली गेली.

आपल्याकडे इंडिगोच्या मूळ कंपनीने २०२३ मध्ये अमेरिकेच्या आर्चरबरोबर कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांत नेण्याची घोषणा केली. साल सांगितलं होतं २०२६. बंगळूरच्या सरला एव्हिएशनने नाव फार छान घेतलं आहे, १९३६ मध्ये वैमानिक झालेल्या सरला ठकराल यांचं. नियमांचं काय? रस्त्यावर आरटीओ, हवेत डीजीसीए. दोन्हीकडे चालणारी गाडी आली तर पाटीवर मोटारीचं एमएच लिहायचं की विमानाचं व्हीटी, यावर लेखिकेने चार पानं खर्च केली आहेत आणि ती पुस्तकातली सर्वांत विनोदी पानं आहेत, तिच्या नकळत. परवान्याचंही तेच. खासगी वैमानिकाला किमान चाळीस तास उडावं लागतं. आपल्याकडे चाळीस मिनिटंही गाडी न चालवता परवाना काढलेले लोक मला माहीत आहेत.

कागदाचा वेळ यंत्राच्या वेळेपेक्षा मोठा असतो, याचं मराठी उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मुंबईत लोकांनी पाहिलं. प्रायोगिक उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ च्या ऑक्टोबरात, आणि धुळ्याला ते उडालं २०२० मध्ये. आणि ते साधं विमान होतं, ज्याचे नियम शंभर वर्षं लिहिले जात आहेत.

आता माझा आणि लेखिकेचा खरा मतभेद. शेवटच्या प्रकरणात ती म्हणते की तिच्या हयातीत मध्यमवर्गीय माणूस हवाई टॅक्सीने रोज कामावर जाईल. मला तसं दिसत नाही. आपल्या भाषेत रोजची वस्तू वेगळी आणि वेळेला लागणारी वस्तू वेगळी. पायलीभर ज्वारी रोजची, सुंठ वेळेची. भामरागडला दर पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहते आणि अख्खा तालुका तुटतो. तिथे अडलेल्या बाईला, साप चावलेल्या माणसाला पलीकडे न्यायला तीस किलोमीटरचं यंत्र पुरेसं आहे. तिथे कुणी पाच मिनिटं वाचवायला बसलेलं नसतं, आणि दुसरा रस्ताच नसल्यामुळे तुलना रिक्षाशी नसते, मरणाशी असते. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या ईप्लेन कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ७८८ हवाई रुग्णवाहिकांचा करार जाहीर केला, तो या दिशेने पडलेला पहिला शहाणा आकडा मला वाटतो. यावर लेखिका म्हणते की भामरागडचं आभाळही त्याच दिवसांत भरलेलं असतं, मग तुमची रुग्णवाहिका तरी कशी उडणार? बरोबर आहे. माझ्याकडे उत्तर नाही, आणि प्रस्तावना मी लिहीत असल्यामुळे तो मुद्दा इथेच सोडतो.

वाळव्याच्या बांधावरचं थोडं राहिलं. ड्रोनला उतरायला त्या मुलाने जुना फ्लेक्स अंथरला होता, कुणातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा, हसरा चेहरा वर करून. पहिल्या तीन खेपा नीट झाल्या. चौथ्यांदा ड्रोन वरून खाली आला, वाऱ्याने फ्लेक्सचं एक टोक उचललं, आणि तो पंख्यांच्या दिशेने फडफडायला लागला. मुलाने ड्रोन तसाच दोन पुरुष उंचीवर धरून ठेवला. रिमोट टीं टीं करत होता. बॅटरी संपत आली होती. त्याने मान न वळवता धाकट्या भावाला हाक मारली, आणि तो सात-आठ वर्षांचा पोरगा पाटाकडे धावत सुटला. दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्याने एक दगड आणला आणि वाकून फ्लेक्सच्या कोपऱ्यावर ठेवला.